बेड्याबाहेरची माणसं

योगिनीला फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. आरशात चारचौघींसारखी दिसणारी बाई फोटोत दुसऱ्याच्या कलमांवरचे आंबे पाडताना सापडल्यासारखी का दिसते, हे कोडं तिला चाळिशी आली तरी सुटलेलं नाही. पण खेडजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीत तिला नवी नोकरी लागली होती, आणि तिथल्या कंपनीला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. सोमवारी तिथे हजर व्हायचं, खेडला खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी रत्नागिरीला आईकडे यायचं, असं ठरलं होतं. म्हणून मे महिन्यातल्या त्या घामट दुपारी ती मारुती मंदिराजवळच्या फोटोवाल्याकडे निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसली होती. "हनुवटी खाली घ्या मॅडम. आता हलू नका," असं तो म्हणाला आणि नेमका त्याच क्षणी तिच्या मुठीतला फोन थरथरला. तिचे डोळे मिटले. "गेला," फोटोवाला म्हणाला. "बसा जरा. ह्या लग्नाच्या अल्बमचं काम हातावेगळं करतो, मग दुसरा काढू." ती बाकावर जाऊन बसली आणि फोन उघडला. पत्र यंत्रानं तिच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवलेलं होतं, त्यात ना राग ना लोभ. तुमच्या ‘खळं’ या चर्चागटात तुमच्या स्वागताच्या संदेशानंतर एकही संदेश प्रसिद्ध झालेला नाही, गट नको असल्यास खालचं बटण दाबून बंद करा. बस, एवढंच. यंत्राला काय, त्यानं जे होतं ते सांगितलं. पण योगिनीला ते असं लागलं की पंख्याखाली बसूनही तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आता हा गट कशाचा, हे तिनं आजवर ज्याला ज्याला सांगून पाहिलं तो तो मान डोलावून दुसरंच काही विचारायला लागला. संगणकाला समजेल अशी एखादी नवी छोटी भाषा कुणाला घडवायची असली, तर त्या भाषेचे नियम आधी लिहावे लागतात. मग ते नियम वाचून ती भाषा ओळखणारा प्रोग्राम आपोआप तयार करून देणारी हत्यारं असतात. योगिनीनं असं एक हत्यार केलं होतं. पुण्याच्या नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी, मग वडील गेल्यावर नोकरी सोडून रत्नागिरीला आली तेव्हा शहरालगतच्या नाचणे गावातल्या घरात पडवीच्या कोपऱ्यात बसून, वर्षानुवर्षं. ते कुणालाही फुकट वापरता यावं म्हणून तिनं इंटरनेटवर ठेवलं होतं, आणि त्याचं नाव ठेवलं होतं सुंभ. नारळाच्या सोडणाचे सुटे धागे वळून जशी दोरी होते, तसे सुटे नियम वळून त्यातून भाषा करायची, म्हणून सुंभ. पुण्याच्या ऑफिसातली नम्रता तिला चिडवायची, "सुंभ जळेल, पण आमच्या योगिनीबाईंचा पीळ काही जळायचा नाही." आणि आईला सांगितलं तेव्हा सगुणाबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं होतं, "भाषा करायची हत्यारं? आपली काय वाईट हाय गो?" योगिनीला तेव्हा हसू आलं होतं. पुढे पुढे तोच प्रश्न तिला रस्त्यात, बाजारात, मासे घेताना आठवू लागला. खरंच, कुणाला हवंय हे? आपण जे जाणतो ते जाणणारं आपल्याखेरीज आणखी कुणी नसेल, तर ते जाणणं आणि वेड यात फरक तो काय? या शहरात ती सगळ्यांशी बोलत होती आणि आपल्या कामाबद्दल एक अक्षर कुणाशी बोलत नव्हती. तोंडात जीभ असून मुकं राहणं काय असतं ते तिला इथे आल्यावर कळलं.

एके काळी ती मुकी नव्हती. कॉलेजात असताना गोखले नाक्याजवळ एक सायबर कॅफे होता, लाकडी खोक्यांसारख्या कप्प्यांचा, वर सदा गरगरणारा पंखा आणि खाली चपलांचा ढीग. तिथे बसून तिनं जगातल्या कुठल्याशा चर्चागटावर आपल्या मोडक्या इंग्रजीत एक प्रश्न विचारला होता. भाषा घडवायच्या हत्यारांचा गट तो, सगळे मोठमोठे लोक. प्रश्न इतका बाळबोध होता की पाठवल्यावर तिला वाटलं, झक मारली आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्यानं उत्तर लिहिलेलं. लांबलचक, सावकाश, घरातल्या पोरीला पाढे शिकवावेत तसं. वर शेवटी लिहिलं होतं की तुझ्या प्रश्नामुळे माझ्याच हत्यारातली एक चूक सापडली. पुढच्या आवृत्तीबरोबर आलेल्या माहितीत, या दुरुस्तीबद्दल कुणाकुणाचे आभार, तिथे त्यानं तिचं नाव घातलं, आणि नावापुढे गाव: रत्नागिरी. त्या धंद्यातली ती रीतच आहे, चूक दाखवणाऱ्याचं नाव दुरुस्तीपाशी लिहून ठेवायची. पण तिला तेव्हा रीतबीत काही माहीत नव्हती. तिनं कॅफेच्या मालकाला बोलावून पडदा दाखवला होता. तो चष्मा वर करून म्हणाला होता, "म्हणजे तिकडे कळलं की तू हायस." किती बरोबर बोलला होता तो. पुढे कितीएक वर्षं ती त्या गटावर रोज जाऊन बसायची, दमूनभागून आलेलं माणूस जोत्यावर टेकतं तशी. मग म्हातारा गेला. गट कुणी सांभाळला नाही, जाहिरातींचं रान माजलं आणि एक दिवस दार कायमचं बंद झालं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नाही, आणि तरी वडिलांच्या खालोखाल तिनं ज्याचं ऋण मानलं असा माणूस तोच.

म्हणूनच तर तिनं यंदा पाडव्याला हा गट उघडला होता. आपल्या एकटीच्या सुंभाचा नाही, असल्या सगळ्याच हत्यारांचा. नाव ठेवलं ‘खळं’. घरापुढचं सारवलेलं अंगण, कुणीही यावं, बसावं, बोलावं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, बाळबोध प्रश्न विचारा, इथे कुणी हसणार नाही, असं तिनं स्वागताच्या संदेशात लिहिलं. आईनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती, आणि योगिनीनं, वेडीच ती, पोळीचा पहिला घास घेताना मनातल्या मनात आपल्या गटाचंही नाव घेतलं. आणि मग काय? कुणी आलं नाही. सकाळी दात घासता घासता ती पाही, दुपारी जेवताना पाही. खळं झाडून ठेवलेलं, पान हलत नव्हतं. पहिल्यांदा तिला वाटलं, लोकांना कळलं नसेल. मग वाटलं, कळलंय पण नकोय. मग त्याच्याही पुढची पायरी आली, ती वाईट. वाटायला लागलं की म्हाताऱ्याच्या काळी होती ती माणसं आता जगात उरलीच नाहीत, आणि आपण मागे राहिलेलो आहोत, जत्रा उठल्यावर पाळण्यात बसून राहिलेल्या पोरासारखे. त्याच सुमाराला लोट्याची नोकरी चालून आली. तिथले साहेब सज्जन होते, चहा पाजून म्हणाले, "एक मात्र आहे मॅडम. बाहेरचं स्वतःचं काही करायचं नाही. जे लिहाल ते कंपनीचं. तसं सही करून द्यावं लागतं." ती हो म्हणाली. सही केली की सुंभ संपला, हे तिला स्पष्ट माहीत होतं. म्हाताऱ्यानं तिच्या हाती दिलेली दोरी तिच्यापाशी संपणार होती. रडूही आलं नाही, इतकं ते सरळ होतं. कुणाला नकोच असलेली गोष्ट सोडताना रडायचं ते कशाला?

तेव्हा बाकावर बसल्या बसल्या तिनं बटण दाबलं. एकदाचं होऊन जाऊ दे, सोमवारी जाताना मागे काही नको. फोटोवाला आत कुणाला तरी सांगत होता की नवरीच्या नथीवर उजेड जास्त पडलाय. फोनवर गोल फिरलं, थांबलं आणि नवा प्रश्न आला: काही संदेश तुमच्या परवानगीची वाट पाहत आहेत, गट बंद केल्यास तेही पुसले जातील, चालेल का? खाली दोन खुणा, हो आणि नाही. योगिनीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. अंगठा ‘हो’च्या वरच होता. तिनं तो असा मागे घेतला की फोन मांडीवरून खाली घसरला, आणि तो उचलून तिनं ते तिसऱ्यांदा वाचलं.

परवानगी? कसली परवानगी? आणि मग आठवलं. पाडव्याच्या दिवशी गट मांडताना यंत्रानं विचारलं होतं, इथे कोण बोलू शकेल: कुणीही, की तुम्ही परवानगी दिल्यावर? आणि तिनं विचारसुद्धा न करता दुसरं निवडलं होतं. हात आपोआप तिकडे गेला होता. जाणारच. नाचण्याच्या घराला जांभ्या दगडाच्या कुंपणाचा गडगा आहे आणि गडग्याला बेडं, दोन खांबांना भोकं पाडून त्यात आडवे सरकवलेले बांबू. ती चालायला लागली तेव्हापासून घरात एकच वाक्य: बेडं लाव गो. आत येताना लाव, बाहेर जाताना लाव, नाहीतर गुरं शिरतील, आगर फस्त करतील. पुण्यात राहताना फ्लॅटचं दार ओढून घेतल्यावर ती अजून एकदा मागे वळून बघायची, बांबू नीट बसला का म्हणून. कोकणातल्या माणसाला जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, तो आधी बेडं लावील आणि मग पाहुण्यांची वाट बघत बसेल. पण त्या बेड्याला दुसरी बाजूही होती. ते लावलेलं असलं तरी आत आई होती, तिचे कान बाहेर होते. वडील, भागोजी, मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला घरी येत, तर स्वतःच्याच घराच्या बेड्याशी बॅग घेऊन उभे राहत आणि हाक देत, "हाय काय कोण घरात?" दोन बांबू सरकवायला त्यांना काय कठीण होतं? पण लांबून आलेल्या माणसानं हाक मारायची, आतल्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग गूळपाणी. त्याशिवाय घरात यायचं नाही. लहानपणी तिला वाटे, आई त्या दिवशी बाजारात गेली असती तर बाबा उभेच राहिले असते काय? आणि आता तेच झालं होतं. माणसं आली होती. बेड्याशी उभी राहून हाका मारत होती. ‘कोणीतरी बाहेर उभं आहे’ अशा सूचना यंत्र त्या बिचाऱ्या गटासाठी उघडलेल्या वेगळ्या पत्रपेटीत टाकत होतं, आणि ती पेटी मांडल्या दिवसापासून तिनं उघडली नव्हती. ती मारे आत बसून रुसली होती की कुणी येत नाही.

फार मोठी गर्दी नव्हती. पोर्तुगालमधल्या एका गृहस्थानं आपल्या हत्याराची माहिती लिहून विचारलं होतं की इथे सांगितलेलं चालेल ना. दोघातिघांनी नुसताच रामराम केला होता. आणि चिपळूणहून कुणी उझमा नावाची बाई होती. चिपळूणहून! योगिनी साऱ्या जगाची वाट बघत होती आणि जग हातखंब्याहून महामार्गाला लागलं की दोनेक तासांत येणाऱ्या गावात होतं. उझमानं मराठीत लिहिलं होतं. ती तिथल्या शाळेत संगणक शिकवते. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरेल ही धास्ती दर पावसाळ्यात सगळ्यांच्या डोक्यावर असते, तेव्हा मोहल्ल्यातल्या आणि पेठेतल्या माणसांना स्वतःच्या शब्दांत सूचनेचे नियम लिहिता यावेत, अशी एक छोटी मराठी भाषा ती सुंभ वापरून करते आहे. पाणी पुलाच्या खुणेला लागलं आणि भरती असली, तर अमुक गल्लीला कळवा, अशी. "ताई, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. नियमात चूक झाली की सुंभ बाण दाखवतो, पण मराठीत तो बाण भलत्याच अक्षरावर जातो. माझंच काही चुकतंय का?" त्यानंतर काही दिवसांनी दुसरा संदेश: "उत्तर नाही आलं, पण घाई नाही. तुम्हाला बरं नसेल तर आधी तब्येत सांभाळा." आणि मग तिसरा: "मी शोधत बसले. काना, वेलांटी, मात्रा यांना सुंभ वेगवेगळी अक्षरं धरतो, म्हणून बाण पुढे सरकतो. दुरुस्ती सोबत ठेवतेय. तुम्ही बघाल तेव्हा बघा, तोवर कुणाच्या उपयोगी पडली तर पडली." योगिनीनं ओठ दातांत धरला. लहानपणी घरात कुणी नसलं की शेजारची हौसाकाकी बेड्याच्या खांबाला पिशवी अडकवून जायची. पिशवीत कधी आमसुलं, कधी चार पडवळं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. घरचे आल्यावर घेतील, एवढा भरवसा. उझमानं तसंच केलं होतं. आणि चूक खरीच होती, तीही केवढी! हत्याराला नाव मराठी ठेवलं, पण योगिनीनं त्याला मराठी कधी वाचायला दिलं नव्हतं, सगळ्या तपासण्या इंग्रजीत. तिला शरम वाटायला हवी होती. वाटली, पण तिच्या मागोमाग असा काही आनंद उसळून आला की शरमेला बसायला जागाच उरली नाही. कुणीतरी सुंभ हातात धरून इतका ओढून पाहिला होता की त्याचा सुटलेला पीळ सापडला होता. आणि उत्तर येत नाही तरी रागावली नव्हती. तब्येत सांभाळा म्हणाली होती. किती चांगली असतात माणसं, तिला वाटलं, आणि आपण किती लवकर त्यांना वाईट ठरवून मोकळे होतो.

"या मॅडम," फोटोवाल्यानं हाक मारली. ती उठली, स्टुलावर बसली, त्यानं दिवा लावला. हनुवटी खाली घ्या म्हणायची वेळच आली नाही. पडद्यावर फोटो बघून तो डोकं खाजवायला लागला. "छान आलाय. पण ओळखपत्राला एवढं हसलेलं चालत नाही हो. आणि डोळ्यांत पाणी दिसतंय. परत काढू?"

"नको," योगिनी म्हणाली. "हाच द्या."

"कंपनीनं परत पाठवला तर माझ्या नावानं शिमगा करू नका."

"कंपनीला द्यायचाच नाहीये," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच तेव्हा कळलं.

बाहेर ऊन कलत होतं. रिक्षावाले झाडाखाली गप्पा मारत होते, कुणीतरी शेवटच्या हापूसच्या पेट्या टेम्पोत चढवत होतं. दुकानाच्या पायरीवरच बसून तिनं सगळ्यांना आत घेतलं, प्रत्येकाला क्षमा मागून, नावानिशी. मग त्या प्रश्नाकडे गेली, कोण बोलू शकेल, आणि ‘कुणीही’ निवडलं. शिरली दोन गुरं तर हाकलता येतील. मग उझमाला लिहायला बसली. बाणाबद्दल काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं, ते लिहिलं. तुमची दुरुस्ती मी जशीच्या तशी घेतेय, हेही लिहिलं. आणि खाली, सुंभाच्या नव्या आवृत्तीबरोबर जाणाऱ्या माहितीत एक ओळ घातली: ही चूक चिपळूणच्या उझमा यांच्यामुळे सापडली, त्यांचे मनापासून आभार. ती ओळ टाइप करताना तिला सायबर कॅफेतला पंखा ऐकू आला. म्हाताऱ्याला आपला प्रश्न वाचून काय वाटलं असेल, हे तिला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. तो उपकार करत होता असंच ती धरून चालली होती. आता कळलं, तोही कुठेतरी एकटाच बसला असेल, अंधारलेल्या लांबच्या गावात, आणि रत्नागिरीची एक पोर हाक मारते म्हटल्यावर त्याचाही जीव असाच भांड्यात पडला असेल. पायरीवर बसल्या बसल्या तिनं त्याला मनातून नमस्कार केला, आणि तिथूनच लोट्याच्या साहेबांना फोन लावून नको म्हणून सांगितलं. ते खरंच सज्जन होते. म्हणाले, "काही हरकत नाही, दुसरं बरं मिळालं असेल." ती म्हणाली, "हो, मिळालं."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं, फोटो हातात घेऊन लांब धरून पाहिला. नोकरी नाही म्हटल्यावर बोलतील असं योगिनीला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "लोट्याला जाणार म्हणून तू असा फोटो काढला असतास तर मी जा म्हटलं असतं." आणि भात लावायला उठल्या. पुन्हा त्या दाराशी थांबल्या. "त्या पोरीला इतके दिवस बाहेर उभं केलंस. निदान घरी तरी बोलव."

उझमा रविवारी आली. एसटीच्या स्टॉपवरून विचारत विचारत आली, हातात चिपळूणच्या बाजारातल्या करवंदांचा पानाचा द्रोण घेऊन. योगिनीनं सकाळीच बेड्याचे दोन्ही बांबू काढून गडग्याला टेकवून ठेवले होते, आणि आई तीनदा म्हणाली होती की गुरं शिरतील, आणि तीनदा गप्प बसली होती. पण बेडं उघडं असून उझमा आत आली नाही. ओढणी सारखी करून तिथेच उभी राहिली, आणि योगिनी पडवीत लॅपटॉप लावता लावता थबकली. कारण ती हाक तिनं या घरात वडील गेल्यापासून ऐकली नव्हती.

"हाय काय कोण घरात?"

सगुणाबाई भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर गेल्या, जशा भागोजींसाठी जायच्या. उझमानं डोकं वाकवलं, त्यांनी तुकडा ओवाळून गडग्यापलीकडे टाकला, दोन्ही हातांनी तिच्या गालावरून कडाकडा बोटं मोडली.

"आत ये गो बाय, लय वेळ उभी ऱ्हायलीस," त्या म्हणाल्या. मग घराकडे वळून हाक दिली, "योगिनी, तुझ्या भाषेतलं माणूस आलंय. गूळपाणी आण."

योगिनी स्वयंपाकघरात गेली. तांब्या भरला, गुळाचा डबा काढला, आणि डोळे पुसेपर्यंत तिला त्याचं झाकण काही उघडता येईना.